रक्तदान शिबिरातील वैद्यकीय देखरेख आणि आपले स्थान

तळोजा औद्योगिक वसाहतीत रक्तदान शिबिराचा फलक दिसला नाही असा महिना क्वचितच जातो. कधी कारखान्याचा वर्धापनदिन असतो, कधी सुरक्षा सप्ताह, कधी जयंती, कधी गणेशोत्सव, तर कधी एखाद्या नेत्याचा वाढदिवस. या शिबिरांच्या मांडवात आपले अनेक व्यवसायबंधू आणि औषधविक्रेते निमंत्रक, देणगीदार अथवा रक्तदाते म्हणून उपस्थित असतात. शिबिर आटोपल्यावर चहा घेताना त्यांच्यातील कोणीतरी एक प्रश्न हमखास उपस्थित करतो. आयुर्वेदाचा पदवीधर रात्री-अपरात्री लहान-मोठी रुग्णालये सांभाळतो, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून धावतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात शासनाची सेवा करतो. मग रक्तकेंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीचेच दार त्याला बंद का?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर विचारणाऱ्यांना वाटते तितके सरळ नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ पदवीच्या बळावर ती खुर्ची आपण मागू नये. मात्र त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली जावी, असा आग्रह आपण अवश्य धरावा आणि त्या दुसऱ्या खुर्चीस पात्र होण्याची सिद्धताही करावी. हे म्हणणे काहींना कमीपणाचे वाटेल. म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

कायद्याच्या दृष्टीने मानवी रक्त हे 'औषध' आहे. आपल्या औषधविक्रेत्या वाचकांना ज्या अन्न व औषध प्रशासनाकडून दुकानाचा परवाना मिळतो, तेच प्रशासन केंद्रीय प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने रक्तकेंद्रालाही परवाना देते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम आणि त्याखालील १९४५ चे नियम यांतच रक्तसंकलनाची सारी व्यवस्था सांगितलेली आहे. परंतु या नियमांना खरी धार आली ती ४ जानेवारी १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करण्याचे, विनापरवाना रक्तपेढ्या वर्षभरात बंद करण्याचे आणि पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांची प्रथा दोन वर्षांत संपविण्याचे आदेश दिले. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची ती विक्री निषिद्ध झाली. पुढे २००२ मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आले. मार्च २०२० च्या दुरुस्तीने तर 'रक्तपेढी' हे नावही गेले आणि नियमांत 'रक्तकेंद्र' आले. मराठीपुरते बोलायचे तर हे फार बरे झाले. पेढी म्हटली की आपल्याला गादी, तक्क्या आणि व्याजाचा दर आठवतो.

याच नियमांतील १२२-जी हा नियम आपल्या विषयाचा गाभा आहे. रक्तकेंद्राचे काम सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या सक्रिय मार्गदर्शनाखाली आणि वैयक्तिक देखरेखीखाली चालले पाहिजे, असे तो सांगतो. या कर्मचाऱ्यांत किमान एक पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी हवा. तो विकृतिशास्त्र किंवा रक्तसंक्रमणशास्त्र यांतील एम.डी. असावा, अथवा एम.बी.बी.एस. असून त्या विषयातील पदविकाधारक असावा, अथवा एम.बी.बी.एस. असून त्याने रक्तपेढीत एक वर्ष नियमित सेवा केलेली असावी. यातील तिसरा पर्याय आपण नीट वाचावा, अशी माझी विनंती आहे. निव्वळ एम.बी.बी.एस. पदवी नियमालाही पुरेशी वाटलेली नाही. वर्षभराचा अनुभव आणि रक्तगटांच्या परीक्षणपद्धतीचे पुरेसे ज्ञान या दोन गोष्टी तो स्वतंत्रपणे मागतो. आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरालाही ते दार आपोआप उघडत नाही, हे ध्यानात घेतले की आपल्या तक्रारीची निम्मी धग ओसरते.

हे ज्ञान इतके आवश्यक का, याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक विलक्षण रक्तगट शोधला. आज तो साऱ्या जगात 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशी नेहमीच्या प्रतिरक्तजलांनी तपासल्या तर गट 'ओ' असल्याचे दिसते. परंतु तिला 'ओ' गटाचे रक्त दिले तर प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते, कारण 'ओ' गटाच्या पेशींवर असलेले 'एच' द्रव्यच तिच्या शरीराला परके असते. भारतात सुमारे दहा हजारांत एक या प्रमाणात अशी माणसे आढळतात. पेशींबरोबर रक्तजलाचीही तपासणी झाली, तरच हा घोटाळा उघडकीस येतो. शिबिरातील काचपट्टीवर दोन थेंब मिसळून 'ओ पॉझिटिव्ह' असे लिहून देणे आणि ते रक्त कोणाच्या शरीरात जाऊ शकते व कोणाच्या नाही याचा निर्णय करणे, ही दोन कामे एकाच पायरीवरची नव्हेत. दुसऱ्या कामाचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात मिळत नाही. जे शिकलो नाही त्याची सही करण्याचा हक्क मागणे वैद्याला शोभत नाही.

नियम उत्तम असला तरी तो शिबिराच्या मांडवात पोहोचतो कितपत, हा पुढचा प्रश्न आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. बाहेरील शिबिरासाठी नियमांनी मनुष्यबळ ठरवून दिले आहे. सुमारे तीन तासांत पन्नास ते सत्तर किंवा पाच तासांत शंभर ते एकशेवीस दात्यांचे रक्त घ्यावयाचे असेल, तर सहा ते आठ खाटांमागे एक वैद्यकीय अधिकारी आणि दोन परिचारिका, तसेच दोन वैद्यकीय समाजसेवक, तीन तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस. आता आपण साधे त्रैराशिक मांडू. तीन तास म्हणजे एकशेऐंशी मिनिटे. सत्तर दाते असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटांहून किंचित अधिक वेळ येतो. पाच तासांत एकशेवीस असतील तर बरोबर अडीच मिनिटे. एवढ्या वेळात त्या एकट्या डॉक्टराने पूर्वेतिहास विचारावा, रक्तदाब व नाडी पाहावी, हिमोग्लोबिनचा आकडा तपासावा, दाता योग्य की अयोग्य हे ठरवावे आणि शिवाय एखादा दाता खाटेवर घेरी येऊन पडला तर तिकडे धाव घ्यावी. तो धावला की रांगेतील पुढच्या चौघांना कोण तपासते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. म्हणजे नियमाचे काटेकोर पालन झाले तरी वैयक्तिक देखरेख ही अडीच मिनिटांची आहे. पालन ढिले झाले, तर ती केवळ सहीपुरती उरते.

सहीपुरत्या देखरेखीचा रोग औषधविक्रेत्या बंधूंना परिचित आहे. भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले आणि फार्मासिस्ट मात्र दुसऱ्याच गावी नोकरीला, ही स्थिती आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? २०१२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा राज्यातील औषधविक्रेत्यांनी संपाचे हत्यार उपसले होते. तो वाद उकरून काढण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु उपस्थिती आणि प्रमाणपत्र यांतील अंतर किती महाग पडते, हे त्या व्यवसायातील माणसांना इतर कोणी सांगावे लागू नये.

तळोजासारख्या ठिकाणी तर ही अडीच मिनिटे अधिकच अपुरी आहेत. येथील रासायनिक आणि धातूचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर दिवसरात्र ट्रक आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर यांची रांग असते. कामगारांत मोठा वर्ग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कंत्राटी तरुणांचा आहे. या तिन्ही गोष्टी दात्याच्या निवडीशी थेट संबंधित आहेत. २०२० च्या दुरुस्तीने दात्याचे निकष सविस्तर केले आहेत. वय अठरा ते पासष्ट, पहिल्यांदाच देणारा असेल तर साठच्या आत. वजन किमान पंचेचाळीस किलो. हिमोग्लोबिन किमान साडेबारा. दोन दानांत पुरुषांसाठी नव्वद दिवसांचे आणि स्त्रियांसाठी एकशेवीस दिवसांचे अंतर. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निकषांत असेही म्हटले आहे की दाता उपाशी नसावा, पुरेशी झोप न झालेला रात्रपाळीचा कामगार नसावा आणि लांब पल्ल्याचा वाहनचालक किंवा श्रमाचे काम करणारा असेल तर पुढील कामावर जाण्यापूर्वी किमान चोवीस तासांचे अंतर असावे. हे कलम जणू तळोज्याकडे पाहूनच लिहिले आहे.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला यात नवीन काहीच वाटू नये. सुश्रुताने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यध कोणाचा करू नये याची यादी दिली आहे. बालक, वृद्ध, कृश आणि गर्भिणी तर तीत आहेतच. परंतु भ्यालेला, थकलेला, वाट चालून श्रमलेला, रात्री जागलेला, उपाशी, तहानलेला, ज्वर चढलेला, वमन वा विरेचन झालेला, हेही सारे आहेत. आणि बलवान माणसातूनही एका प्रस्थाहून अधिक रक्त काढू नये, अशी मर्यादाही घातली आहे. रक्तमोक्षण ही चिकित्सा आणि रक्तदान हे परोपकाराचे कर्म. दोहोंचा हेतू भिन्न आहे, हे मान्य. परंतु शिरेतून रक्त बाहेर पडताना त्या देहावर काय गुजरते, याचे निरीक्षण हेतूनुसार बदलत नाही. आधुनिक नियमकर्त्यांनी रात्रपाळीचा कामगार ज्या कारणासाठी वगळला, त्याच कारणासाठी सुश्रुताने जागरित मनुष्य वगळला. ही तुलना मी अभिमानाने मिरविण्यासाठी करीत नाही. प्राचीनांना सर्व ठाऊक होते, असे म्हणून स्वस्थ बसण्याची आपल्याकडे खोड आहे आणि तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. मुद्दा इतकाच की दात्याला पारखण्याचे, त्याचा चेहरा, निद्रा, आहार, बल आणि सत्त्व पाहण्याचे शिक्षण आपल्याला पद्धतशीर मिळालेले आहे. रक्तकेंद्राला शिबिरात नेमकी त्याच गोष्टीची उणीव आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील शिबिरानंतर एक तरुण कंत्राटी कामगार माझ्या दवाखान्यात आणला गेला. बसथांब्यावर भोवळ येऊन तो पडला होता आणि हनुवटीला खोक पडली होती. सकाळी सातला त्याची रात्रपाळी सुटली, साडेनऊला त्याने रक्त दिले, मध्ये केवळ चहा-बिस्कीट. झोप झाली का, असे कोणी विचारले नाही काय, या माझ्या प्रश्नावर तो हिंदीत म्हणाला, "फॉर्म तर सुपरवायझर साहेबांनीच भरला." टाके घातले, तो बरा झाला, गोष्ट तेथेच संपली. तोच तरुण त्या क्षणी यंत्रापाशी किंवा ट्रकच्या चाकामागे असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

सुपरवायझरने भरलेला फॉर्म हा दात्याच्याच नव्हे, तर रक्त घेणाऱ्याच्याही जिवाशी खेळ आहे. संकलित रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांसाठी चाचणी होते. परंतु संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातोच. या अंध काळात यंत्र 'निर्दोष' म्हणते आणि पिशवी पुढे जाते. चाचण्या जितक्या सूक्ष्म होतील तितका हा काळ आकसतो, परंतु शून्य होत नाही. मे २०२२ मध्ये नागपुरात वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या चार थॅलेसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आणि त्यांतील एक दगावल्याचे आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, तेव्हा सारे राज्य हादरले होते. त्या प्रकरणात नेमके कोठे काय चुकले याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या बातमीने एक गोष्ट पुन्हा समोर आणली. अंध काळात रुग्णाचे रक्षण करणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे डॉक्टराने दात्याला एकांतात, त्याच्या भाषेत, त्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने विचारलेला प्रश्न आणि दात्याने निर्भयपणे दिलेले उत्तर. आपल्या मुकादमाच्या देखत, मित्रांच्या घोळक्यात, अर्ध्या दिवसाच्या सुटीच्या आशेने उभा असलेला तरुण कावीळ, ताप किंवा परस्त्रीसंबंध कबूल करील काय? मागे फिरावयाचे असेल तर त्याला अब्रू राखून फिरता आले पाहिजे. अडीच मिनिटांत, उघड्या मांडवात, ते होत नाही.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. दात्यांच्या निवडीसंबंधी राष्ट्रीय परिषदेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत औषधांची एक सारणी आहे. प्रतिजैविके घेतली असतील तर शेवटच्या मात्रेपासून चौदा दिवस, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनोइन किंवा पौरुषग्रंथीसाठीचे फिनास्टेराइड असेल तर एक महिना, ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने रक्त घ्यावयाचे नाही. (शेवटची तिन्ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत आणि ते रक्त कोणा गर्भवतीला दिले जाणार नाही याची खात्री कोण देणार?) त्याच सारणीत एक ओळ अशी आहे की औषधाचे स्वरूप अज्ञात असल्यास तपशील मिळेपर्यंत दात्याला थांबवावे. या ओळीत आपल्यापैकी बहुतेकांचे रुग्ण बसतात. "वैद्यांच्या पुड्या चालू आहेत," एवढेच त्यांना सांगता येते. पुडीत काय, ते त्यांना ठाऊक नसते आणि मांडवातील डॉक्टरालाही नसते. मग प्रामाणिक दाता परत जातो आणि अप्रामाणिक दाता पुडीचा उल्लेखच टाळतो.

कारखान्यात तयार होणाऱ्या आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर सर्व घटकद्रव्ये छापण्याचे बंधन आहे. विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतील घटक असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही हवी. परंतु वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः बनविलेल्या औषधाला कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट आपल्या परंपरेचा मान म्हणून मिळाली. पुडीवर काहीच न लिहिण्याची मुभा म्हणून ती वापरणे हा तिचा दुरुपयोग होय. विशेषतः रसौषधी वापरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. शिसे शरीरात गेले तर रक्तातील त्याचा बहुतेक भाग तांबड्या पेशींतच राहतो आणि त्या पेशी दिल्या गेल्या की त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या शरीरात जातो. घेणारा जर अपुऱ्या दिवसांचे अर्भक असेल, तर मोठ्या माणसाला नगण्य असलेली मात्राही त्याला नगण्य नसते. भस्म शास्त्रोक्त आहे, असे आपण म्हणू, असेलही. परंतु निर्णय करणाऱ्या डॉक्टराच्या हाती नाव तरी असले पाहिजे. म्हणून प्रत्येक रुग्णाला कल्पाचे नाव, मात्रा आणि दिनांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी. आणि वमन-विरेचन किंवा रक्तमोक्षण केलेल्या रुग्णाला, बल पूर्ववत होईपर्यंत रक्तदान करू नकोस, असे स्पष्ट बजावावे. औषधविक्रेत्यांनीही एक करावे. दात्याला आपण काय गिळतो ते बहुधा आठवत नाही, पण दुकानाच्या बिलाला ते आठवते. शिबिराच्या आठवड्यात दुकानाच्या फळीवर 'रक्तदान करणार असाल तर औषधाचे बिल किंवा रिकामी पट्टी बरोबर न्या' एवढी पाटी लावण्यास खर्च येत नाही.

याच्या जोडीला एक काम असे आहे की जे आज कोणीच करीत नाही आणि जे आपल्या हातचे आहे. हिमोग्लोबिन कमी भरले म्हणून परत पाठविलेल्या दात्याचे पुढे काय होते? त्याच्या, बहुधा तिच्या, हातावर 'लोहयुक्त आहार घ्या' असा उपदेश पडतो आणि रांग पुढे सरकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील प्रजननक्षम वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. म्हणजे शिबिरात परत फिरणारी स्त्री ही अपवाद नव्हे. पांडुरोगाची चिकित्सा आपण रोज करतो. परत पाठविलेल्यांची यादी त्यांच्या संमतीने स्थानिक वैद्यांकडे आली, दोन-तीन महिने चिकित्सा झाली आणि शेवटी प्रयोगशाळेतून हिमोग्लोबिन पुन्हा मोजले गेले, तर पुढील शिबिराला दाते वाढतीलच, शिवाय आपल्या मंडूर-लोह कल्पांचा काय उपयोग होतो त्याची आकड्यांत नोंदही राहील. आकडा वाढला नाही तर तेही लिहावे आणि रुग्णाला पुढील तपासणीस पाठवावे.

आता त्या दुसऱ्या खुर्चीविषयी. माझी सूचना अशी की पन्नासांहून अधिक दात्यांच्या प्रत्येक शिबिरात नियम १२२-जी प्रमाणे जबाबदार असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याखेरीज एक दुसरा नोंदणीकृत चिकित्सक बंधनकारक करावा. दात्याची एकांतात मुलाखत घेणे, औषधांचा पूर्वेतिहास नोंदणे आणि रक्तदानानंतर दात्यावर लक्ष ठेवणे, ही तीन कामे त्याची. दाता स्वीकारावा की नाकारावा याचा अंतिम निर्णय, रक्तगट, घटक आणि वितरण हे सारे पहिल्याच खुर्चीकडे राहावे. दुसऱ्या खुर्चीवर आयुर्वेदाचा पदवीधर बसू शकेल, परंतु त्याआधी त्याने शासकीय रक्तकेंद्रात ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी. अर्जावर प्रश्न कोणी विचारले त्याचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. सही करणारा आणि विचारणारा निराळे असतील, तर ते कागदावर दिसले पाहिजे.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की हे कायमचे दुय्यमत्व पत्करणे झाले. मला तसे वाटत नाही. शल्यतंत्र आणि शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तरांना २०२० च्या अधिसूचनेने अठ्ठावन्न शस्त्रकर्मांची स्पष्ट मान्यता मिळाली. ती शस्त्रकर्मे करणाऱ्याला कधीतरी रक्ताची पिशवी मागवावीच लागणार. ती पिशवी निर्धोक असावी याची गरज त्याला इतरांइतकीच आहे. किंबहुना रक्त साठविण्याची लहान सोय रुग्णालयांना उपलब्ध आहे. परवानाधारक केंद्राकडून रक्त घेऊन, वर्षाला दोन हजार पिशव्यांच्या मर्यादेत, राज्य प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने ती चालविता येते. मोठ्या आयुर्वेदीय रुग्णालयांनी त्या मार्गाचा अभ्यास करावा. दुसऱ्या बाजूने आधुनिक वैद्यकाच्या संघटना 'मिश्र चिकित्सा' म्हणून आक्षेप घेतील. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठीच्या आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमावरून २०२५ मध्ये राज्यात उठलेले वादळ आपण पाहिले आहे. परंतु येथे औषध लिहून देण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न विचारणे आणि नाडी धरणे यांवर कोणत्याही पॅथीची मक्तेदारी नाही. पदनामाच्या भांडणात हे काम अडकू नये म्हणूनच मी पहिली खुर्ची मागत नाही.

नियमात असा बदल व्हावयाचा तर राज्य रक्त संक्रमण परिषद आणि केंद्र शासन यांच्याकडे निवेदन द्यावे लागेल. ते देईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. २०२५ पासून आयुर्वेद दिन धनत्रयोदशीऐवजी २३ सप्टेंबरला साजरा होतो आणि त्या निमित्ताने आपले सदस्य शिबिरे योजतील. तो हंगाम पावसाळ्याच्या अखेरचा असल्याने पनवेल परिसरात तापाचे रुग्ण भरपूर असतात. मलेरियातून बरे झाल्यावर तीन महिने आणि डेंग्यूनंतर सहा महिने रक्त घेत नाहीत, हे निमंत्रणपत्रिकेतच छापावे. शिबिर भरविण्याचा अधिकार यजमानाचा नसून नियमांत सांगितलेल्या परवानाधारक केंद्राचाच आहे. त्या केंद्राकडून येणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव आणि दात्यांची कमाल संख्या आधीच लेखी घ्यावी. हजाराचा आकडा गाठण्याच्या हौसेला आवर घालावा. बिंबिका पाच दिवसच टिकतात, आणि खारघरच्या टाटा केंद्रातील कर्करुग्णाला त्या वर्षभर लागतात, एकाच दिवशी नव्हे. कारखान्यात शिबिर असेल तर रात्रपाळी सुटण्याची वेळ टाळून सुटीवरून परतलेल्या पाळीला दिवस द्यावा, अर्ज हिंदीतही ठेवावेत, मुकादमाला मांडवाबाहेर चहा द्यावा, आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात पडदा लावून त्यामागे डॉक्टर व दाता या दोघांसाठी खुर्च्या ठेवाव्यात.